गोव्याच्या पाण्यातले टिनोफोर: अंड्यापासून पिलापर्यंत निरीक्षण कसे करावे

प्राण्यांच्या वंशवृक्षातून सर्वांत आधी फुटलेल्या फांदीवर कोण बसले आहे, स्पंज की टिनोफोर, हा वाद दीड दशकाहून जास्त काळ चालू आहे. त्यातले टिनोफोर, म्हणजे कंगव्यासारख्या आठ पट्ट्या हलवून पोहणारे जेलीसारखे पारदर्शक समुद्री प्राणी, गोव्यात पाहायला मिळतात. मांडवी-जुवारीच्या मुखाशी, शापोऱ्याला, बेतूलला, पाणी निवळले की योग्य वेळी ते बादलीत येतात. त्यांचे अंडे काचेसारखे पारदर्शक असते, विकास एका दिवसात पुरा होतो आणि पहिल्या दोन-तीन तासांत जे दिसते त्यावर उत्क्रांतीचा मोठा प्रश्न उभा आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत साधा स्टीरिओ मायक्रोस्कोप असला तरी काम होते. बिघडते ते बहुतेक वेळा पाण्यामुळे, उष्णतेमुळे आणि घाईमुळे.

कधी आणि कुठे

जून ते सप्टेंबर या दिवसांचा नाद सोडा. पावसात नद्यांच्या मुखाशी वरचा थर जवळजवळ गोडा होतो, पाणी गढूळ असते आणि हे प्राणी तिथे टिकत नाहीत. चवथ सरली, दसरा झाला आणि पाणी निवळू लागले की शोध सुरू करावा. तिथून मे महिन्यापर्यंत संधी असते. त्यातही ते रोज मिळतील असे नाही. वारा आणि प्रवाह त्यांना एका ठिकाणी जमवतात, दुसऱ्या दिवशी तिथे एकही नसतो.

वेळ धरावी ती भरती पुरी व्हायच्या आधीच्या तासाची. तेव्हा समुद्राचे स्वच्छ, खारे पाणी आत आलेले असते. उधाणापेक्षा भांगाचे दिवस बरे, कारण ओढ कमी असते आणि गाळ कमी ढवळतो. रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायच्या साधनावर) क्षारता हजारी ३० च्या खाली दिसली तर तिथे वेळ घालवू नये. ३३ ते ३५ असेल तर थांबावे. धक्क्यावर किंवा बंदराच्या हद्दीत उतरण्याआधी परवानगी विचारून घ्या, आणि संशोधनासाठी नमुने घेणार असाल तर गोवा राज्य जैवविविधता मंडळाकडे आधीच चौकशी करा. खडकाळ किनाऱ्यावरचे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांना हात लावायचा नाही. या कामाला त्यांची गरजही नाही.

रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात) किंवा ट्रॉलच्या जाळ्यात आलेला टिनोफोर कामाचा नसतो. रापणकार हौसेने काढून देतात, पण दोरी आणि माशांच्या खवल्यांमध्ये घासून त्याच्या कंगव्यांच्या पट्ट्या फाटलेल्या असतात. वरून जिवंत दिसला तरी तो अंडी देत नाही. होडी स्थिर ठेवून, सूर्य समोरून तिरका घेऊन पाण्यात पाहावे आणि दिसलेला प्राणी रुंद तोंडाच्या एक लिटरच्या बरणीत पाण्यासकट घ्यावा. बरणी उलटी पाण्यात बुडवायची, प्राण्याच्या खाली नेऊन सावकाश सुलटी करायची, म्हणजे तो आपोआप आत ओढला जातो. हाताच्या जाळीने उचलू नका. हवेत त्याचे स्वतःचे वजन त्याला पेलत नाही.

जाळे ओढायचेच असेल तर ३०० ते ५०० मायक्रॉनचे, आणि शेवटची बाटली न गाळणारी, किमान दोन लिटरची. होडी चालते आहे हे जेमतेम कळेल इतका वेग, पाच मिनिटे, त्याहून जास्त नाही. पाण्यात निळी-जांभळी फिजेलिया (फुग्यासारखा तरंगणारा, डंख मारणारा प्राणी) दिसली तर हातमोजे घालूनच काम करा. टिनोफोर स्वतः डंख मारत नाही. त्याच्या शुंडांवर (भक्ष्य पकडायच्या लांब धाग्यांवर) चिकट पेशी असतात, जेलीफिशच्या डंखपेशी नव्हेत.

कोणता प्राणी मिळाला

दोन रूपे सहज ओळखता येतात. प्लूरोब्रॅकिया गोल, आवळ्याएवढा किंवा त्याहून लहान, दोन लांब फांद्या फुटलेल्या शुंडांचा. बेरोई पिशवीसारखा, तोंड रुंद, शुंड अजिबात नाहीत. काही जाती पसरट पाळ्यांच्या असतात. त्या इतक्या नाजूक असतात की बरणी हिंदकळली तरी फाटतात.

बाजूने उजेड टाकला की आठही पट्ट्यांवर इंद्रधनुष्य सरकताना दिसते. तो प्रकाश प्राण्याचा नव्हे, ओळीने हलणाऱ्या केसलांवरून (केसांसारख्या सूक्ष्म धाग्यांवरून) उजेड विखुरतो तेव्हा रंग उमटतात. बेरोई अंधारात खरोखर चमकतो, प्लूरोब्रॅकिया चमकत नाही. अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटे डोळे सरावू द्या आणि बरणी हळूच हलवून पाहा. ओळखीच्या नोंदीत ही खूण उपयोगी पडते.

दोघांना एका भांड्यात ठेवू नका. बेरोई दुसरे टिनोफोरच खातो, आणि सकाळी भांड्यात एकच प्राणी उरतो.

पाणी आणि भांडी

इथे कंजूषी चालत नाही. ज्या जागेचे प्राणी, त्याच जागेचे पाणी, त्याच भरतीला, प्रत्येक प्राण्यामागे किमान पाच लिटर आणा. ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर असेल तर उत्तम. नसेल तर २० मायक्रॉनच्या कापडातून दोनदा गाळून, झाकून, एक रात्र अंधारात ठेवा आणि वरचे पाणी अलगद काढून घ्या. उकळू नये; उकळल्याने क्षार खाली बसतात आणि पाण्याचा सामू बदलतो.

भांडी काचेची, आणि साबण कधीही न लागलेली. साबणाचा अंश दिसत नाही, पण अंड्यांना पुरतो. या कामाची भांडी, पिपेट, बरण्या वेगळ्या डब्यात ठेवून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. शेवटची खळखळ समुद्राच्या पाण्याने करायची, नळाच्या नव्हे. तांब्या-पितळेचे काहीही पाण्याजवळ आणू नका.

एका प्राण्याला एक ते दोन लिटर पाणी. हवेचे बुडबुडे सोडणारा पंप लावायचा नाही, कारण बुडबुडे पोटाच्या पोकळीत अडकतात आणि प्राणी उलटा तरंगत राहतो. तापमान २४ ते २६ अंश ठेवा. एप्रिलमध्ये पंख्याखालची खोली ३१-३२ पर्यंत जाते आणि तिथे पेशींची विभागणी वाकडीतिकडी होते. बाकी सगळे नीट असताना भ्रूण बिघडत असतील तर पहिला संशय तापमानावर घ्या. एसी नसेल तर नवी थर्माकोलची पेटी, तळाशी बर्फाची पिशवी, वर टॉवेल आणि त्यावर भांडे. मासळीची जुनी पेटी घेऊ नका. भांड्याला झाकण हवे, नाहीतर बाष्पीभवनाने क्षारता वाढते. वाढलीच तर डिस्टिल्ड पाण्याचे थेंब घालून मूळ आकड्यावर आणा.

अंडी मिळवणे

बहुतेक टिनोफोर उभयलिंगी असतात. एकाच प्राण्यात, प्रत्येक पट्टीखाली, एका बाजूला अंडाशय आणि दुसऱ्या बाजूला वृषण. अंडी सुटण्याची वेळ उजेड-अंधारावर ठरते. प्रयोगशाळांत सर्वांत जास्त वापरला जाणारा टिनोफोर, निमिऑप्सिस, उजेडातून अंधारात गेल्यावर साधारण चार ते आठ तासांत अंडी सोडतो. तुमच्या हातातली जात वेगळी असेल तर आकडा वेगळा असू शकतो, म्हणून पहिल्या रात्री दर तासाला मंद लाल उजेडात भांड्याचा तळ पाहा आणि वेळ लिहा. एकदा ती वेळ कळली की दिवा रात्रभर चालू ठेवून पहाटे बंद करायचा, म्हणजे अंडी वर्गाच्या वेळी हातात येतात.

आदल्या दिवशी आर्टेमियाची (कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाची) पिल्ले भरपूर खाऊ घाला (बेरोईला मात्र दुसरा टिनोफोर द्यावा लागतो), आणि अंडी हवी त्या दिवशी काही देऊ नका. दोन-तीन दिवस उपाशी ठेवलेला प्राणी आकाराने आक्रसतो आणि अंडी नावापुरती देतो. पकडलेल्या पहिल्याच रात्री सर्वांत चांगली अंडी मिळतात, म्हणून दुपारी उशिरा पकडून त्याच रात्रीची तयारी ठेवणे उत्तम.

बेरोईच्या बाबतीत एक खबरदारी घ्या. एकाच प्राण्याच्या शुक्राणूंनी त्याचीच अंडी फलित होण्याचे प्रमाण कमी असते. दोन प्राणी वेगवेगळ्या भांड्यांत अंडी सोडू द्या आणि एकाच्या अंड्यांवर दुसऱ्याच्या भांड्यातले पाणी थोडे घाला.

अंडी दिसली की प्रौढाला दुसऱ्या पाण्यात हलवा. त्याच्या अंगावरचा चिकट द्रव अंड्यांना गोळा करतो आणि त्यात जिवाणू वाढतात.

पिपेट काचेचे, तोंड अंड्याच्या दुप्पट रुंद आणि ज्योतीवर गोल केलेले. आत आधी समुद्राचे पाणी ओढून मग अंडे ओढायचे. हवेच्या पडद्याला अंडे चिकटले की फुटते. प्लूरोब्रॅकियाचे अंडे सुमारे ०.२ मिलिमीटरचे असते, बेरोईचे एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्याला दिसणारे. भोवती पारदर्शक आवरण असते आणि अंडे आत सैल फिरते. नवख्याला बेरोईच बरा.

पहिले तीन तास

तयारी आदल्या दिवशीच करून ठेवा. गाळलेल्या समुद्राच्या १०० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम अगार वितळवून पेट्रीडिशच्या तळाला पातळ थर द्या आणि निवताना काचेच्या कांडीच्या गोल टोकाने अंड्यापेक्षा किंचित मोठे खळगे पाडा. खळग्यात अंडे गडगडत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण आपल्याला दिशा पाहायची आहे आणि अंडे एकदा वळले की कोणती बाजू कोणती हे सांगता येत नाही. उजेड एलईडीचा, बाजूने, आणि खाली काळा कागद. हॅलोजनच्या दिव्याखाली लहान डिश काही मिनिटांत तापते.

अंड्याकडे पाहा: कडेला स्वच्छ, पातळ थर आणि आत पिवळसर बलकाचा फेसाळ भाग. बेरोईच्या अंड्यात एकाहून जास्त शुक्राणू शिरतात आणि ते अगदी नेहमीचे आहे, त्याला बिघाड समजून अंडे टाकून देऊ नका. १९८० च्या दशकात फ्रान्समधल्या कारे आणि सार्दे यांनी जे दाखवले ते चांगल्या मायक्रोस्कोपखाली आजही पाहता येते: शिरलेल्या प्रत्येक शुक्राणूचे केंद्रक आपापल्या जागी थांबते आणि अंड्याचे केंद्रक कडेच्या थरातून सरकत एकेकापाशी जाते, एकापाशी थांबून पुढेही निघते, आणि शेवटी एकाशीच जुळते. डोळे मायक्रोस्कोपवरून काढू नयेत असे हे दृश्य आहे.

फलनानंतर साधारण तासाभराने पहिली भेग पडते. आपल्या सगळ्या खटाटोपाचा गाभा हाच. बहुतेक प्राण्यांत अंडे चौफेर आवळून दोन होते. टिनोफोरमध्ये भेग एका बाजूने सुरू होते आणि कापत कापत दुसऱ्या बाजूला पोचते. ती जिथे सुरू झाली तिथे पुढे प्राण्याचे तोंड येते. टेक्सासच्या गॅरी फ्रीमन यांनी १९७७ मध्ये प्रयोगांनी हे दाखवले. म्हणून दर दोन मिनिटांनी फोटो काढा, भेग सुरू झाल्याची वेळ आणि दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहा (तीनच्या बाजूने, नऊच्या बाजूने) आणि डिश अजिबात फिरवू नका. हलवावी लागली तर डिशच्या काठावर आधी मार्करने खूण करून ठेवा.

पुढच्या विभागण्या दर पंधरा-वीस मिनिटांनी होतात, अंडे मोठे असेल किंवा पाणी थंड असेल तर थोड्या सावकाश. दोन, मग चार पेशी. तिसरी विभागणी तिरकी होते आणि आठ पेशींची किंचित वाकलेली तबकडी तयार होते: मधल्या चार आणि टोकाच्या चार. इथे थांबून चित्र काढाच, कारण आठही पेशी सारख्या नसतात. टोकाच्या पेशींच्या वंशातून पुढे कंगवे घडतात. त्यानंतर या मोठ्या पेशी तोंडाच्या विरुद्ध ध्रुवावर चिमुकल्या पेशी सोडतात. त्या चिमुकल्या पेशी वाढत, पसरत मोठ्या पेशींवर पांघरत तोंडाच्या बाजूपर्यंत येतात.

कुठे बिघडते? भेग अर्ध्यावर थांबून परत बुजली तर पाणी तापलेले आहे किंवा भांड्याला काहीतरी लागलेले आहे. पेशी एकमेकींपासून सुटून विखुरल्या तर क्षारता तपासा. एकही अंडे विभागले नाही आणि सगळी धुरकट झाली तर ती फलितच नव्हती. काही विभागली आणि काही नाहीत, हे नेहमीचेच. धुरकट झालेली लगेच काढून टाका, नाहीतर तासाभरात ती बाकीच्यांनाही सडवतात. पाणी दर चार तासांनी अर्धे बदला.

दोन पेशी वेगळ्या केल्या तर

हा प्रयोग ज्याला जमतो त्याला गर्भविकास पुस्तकापेक्षा चांगला कळतो. दोन पेशींची अवस्था आली की दोन बारीक चिमट्यांनी आवरण फाडा, आणि टूथपिकला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने दोन पेशींमधल्या खाचेत सावकाश दाब द्या. भेग पुरी झाल्यावर आणि पुढची सुरू होण्याआधी, या मधल्या मिनिटांतच हे करायचे. दोन्ही अर्धी वेगवेगळ्या अगार खळग्यांत ठेवा. काचेवर ठेवली तर चिकटतात. पाण्यात पेनिसिलिन १०० युनिट आणि स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर घातले तर आवरण नसलेले भ्रूण टिकतात. शेजारी, आवरण काढलेले पण न तोडलेले पाच-सहा भ्रूण तुलनेसाठी हवेतच. ते नसतील तर निकालाला अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक अर्ध्याच्या पट्ट्या मोजा. आठ नव्हे, चार. हान्स ड्रीश आणि थॉमस हंट मॉर्गन यांनी १८९५ मध्ये टिनोफोरच्या अंड्यांवर अशीच कापाकापी केली होती. याच ड्रीश यांनी त्याआधी समुद्री साळूच्या (सी अर्चिनच्या) दोन पेशी वेगळ्या केल्या तेव्हा प्रत्येकीपासून लहान पण पूर्ण पिलू झाले होते. म्हणजे टिनोफोरच्या भ्रूणात कोणती पेशी काय होणार याची वाटणी फार लवकर होते. गंमत म्हणजे प्रौढ टिनोफोर कापला तर अनेक जाती गेलेला भाग परत वाढवतात.

पिलू

दहा-बारा तासांच्या सुमारास कंगवे थरथरताना दिसू लागतात आणि तोंडाच्या विरुद्ध टोकाला तोल सांभाळणारा अवयव तयार होतो: पारदर्शक घुमटाखाली केसलांच्या चार झुबक्यांच्या आधारावर खनिजकणांचा लहानसा गोळा. साधारण १८ ते २४ तासांत पिलू आवरणातून बाहेर येते. आता कालच्या फोटोंशी ताडून पाहा: भेग सुरू झालेली बाजू आणि आजचे तोंड.

पिलाला वाढवायचे असेल तर आर्टेमिया मोठा पडतो. कोपेपॉडची पिल्ले किंवा रोटिफर, असे पाण्यातले सूक्ष्म जीव द्या. बेरोईच्या पिलाला शुंड नसतात आणि त्याला दुसऱ्या टिनोफोरची पिल्लेच लागतात, म्हणून ते सहसा काही दिवसांपुढे जात नाही. जपून ठेवायचे नमुने समुद्राच्या पाण्यात केलेल्या ४ टक्के फॉर्मलिनमध्ये घ्या. पाळ्यांच्या जाती त्यात विरघळल्यासारख्या होतात, त्यांचे फोटो हाच पुरावा.

जे दिसले ते वाचावे कसे

२००८ मध्ये केसी डन आणि सहकाऱ्यांच्या जनुकीय तुलनेत टिनोफोर सर्वांत आधी फुटलेले दिसले. २०१३ मध्ये निमिऑप्सिसचा आणि २०१४ मध्ये प्लूरोब्रॅकियाचा जीनोम आला. २०२३ मध्ये गुणसूत्रांवरचे जनुकांचे जुने गट तपासून पुन्हा टिनोफोरच आधी, असा निष्कर्ष निघाला. दुसरीकडे, प्रथिनांतले बदल वेगळ्या गणिती प्रारूपाने मोजणाऱ्यांना स्पंज आधी मिळतात. वर्गात दोन्ही बाजू मांडा.

पण एक चूक होऊ देऊ नका, आणि ती पाठ्यपुस्तकांतही सर्रास होते. फांदी आधी फुटली म्हणजे त्या फांदीवरचा आजचा प्राणी पूर्वजासारखा आहे, असे नव्हे. टिनोफोरची शाखाही आपल्याइतकाच काळ बदलत आली आहे. चिकट पेशी, आठ पट्ट्या, आठ पेशींची तबकडी हे त्यांचे स्वतःचे आहे. त्यांच्यात हॉक्स जनुके (इतर अनेक प्राण्यांत शरीराचा कोणता भाग कुठे घडेल हे ठरवणारी) सापडत नाहीत. ती कधी नव्हतीच की गेली, हे फांदी कुठे जोडता त्यावर ठरते. पूर्वजाबद्दल काही म्हणायचे तर एकाहून जास्त शाखांत सारखे असलेले शोधावे लागते.

पहिली भेग इथे कामाला येते. हायड्रोझोआ गटातल्या जेलीफिशमध्ये आणि नेमॅटोस्टेला या समुद्रफुलातही विभागणी ज्या टोकाला सुरू होते तिथेच पुढे तोंडाची बाजू येते. बहुतेक द्विपार्श्व प्राण्यांत (डावी-उजवी बाजू सारखी असलेल्या, आपल्यासारख्या) मात्र आतडे आत वळण्याची सुरुवात त्याच्या विरुद्ध टोकाला होते. म्हणजे कुठेतरी, द्विपार्श्व प्राण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर, ही जागा एका ध्रुवावरून दुसऱ्यावर गेली असावी. तुमच्या वहीत तीनच्या बाजूला काढलेली ती रेघ या चर्चेचा थेट पुरावा आहे, म्हणून तारीख, जागा, क्षारता, तापमान यांच्याशिवाय ती काढू नका.

काम संपल्यावर प्रौढ प्राणी धडधाकट असतील आणि पाण्यात प्रतिजैविक किंवा रंग नसेल तर त्याच जागी, भरतीला सोडा. मांडवीतला प्राणी साळ नदीत सोडायचा नाही. बाहेरच्या राज्यातून किंवा परदेशातून आलेला कोणताही टिनोफोर किनाऱ्यावर कधीही नाही: अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा निमिऑप्सिस १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जहाजे तोलासाठी भरून नेतात त्या पाण्यातून काळ्या समुद्रात पोचला आणि तिथली अँचोव्हीची मासेमारी कोसळायला हातभार लागला. मुरगावसारखे बंदर दाराशी असताना हे विसरून चालणार नाही. वापरलेल्या दर दहा लिटर पाण्यात घरगुती ब्लीच १०० मिलिलिटर घाला, तासभर ठेवा आणि प्रयोगशाळेच्या मोरीत ओता, खाडीत नको.